कागदाची जोखीम कोणाची? महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



घरखरेदीतल्या फसवणुकीचा विषय निघाला की पत्रे गृहनिर्माण खात्याकडे जातात. हे पत्र मुद्दाम आपल्याला लिहिले आहे, कारण घरात किंवा जमिनीत पैसे घालणाऱ्या माणसाची आपल्या खात्याशी दोनदा गाठ पडते. करारनामा करताना तो मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकासमोर बसतो, फोटो काढून घेतो, अंगठ्याचा ठसा देतो. ते कार्यालय आपल्या नोंदणी व मुद्रांक विभागाचे. पुढे बिल्डरने घर दिले नाही आणि महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, व्याजासह पैसे परत करण्याचा आदेश काढला, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची जिल्हाधिकाऱ्यांनी आणि तहसीलदारांनी. तेही आपलेच. पहिल्या वेळी पैसा राज्याकडे येतो, दुसऱ्या वेळी तो नागरिकाकडे परत जायचा असतो. पहिले काम एका दुपारी उरकते. दुसऱ्यासाठी माणसे वर्षानुवर्षे तहसील कचेरीत खेटे घालतात. माझे म्हणणे असे आहे की बाजारात भाव पडण्याची जोखीम गुंतवणूकदाराची आहे आणि ती त्याने सोसावी. परंतु कागद खोटा निघण्याची जोखीम त्याच्या गळ्यात मारणे हा अन्याय आहे, कारण तो कागद खरा की खोटा हे मुळातून पडताळण्याची साधने राज्याच्या हातात आहेत, त्याच्या हातात नाहीत.

बाजाराची जोखीम लहान नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. निवृत्तीचा फंड हातात आला, गावाकडची जमीन विकली गेली किंवा परदेशातल्या मुलाने पैसे पाठवले, की आपल्याकडे पुण्यात, ठाण्यात, नाशकात दुसरी सदनिका घेण्याचा विचार सुरू होतो. मोठ्या शहरांत सदनिकेचे वर्षाचे भाडे साधारणपणे किमतीच्या दोन ते चार टक्क्यांच्या आसपास येते आणि गृहकर्जाचे व्याज त्याहून बरेच जास्त असते. भाव चढला नाही तर ही तूट दर महिन्याला खिशातून भरावी लागते. बांधकाम चालू असलेल्या घरावर सर्वसाधारणपणे पाच टक्के जीएसटी, त्यावर मुद्रांक शुल्क, विकताना दलाली आणि नफ्यावर कर. २३ जुलै २०२४ पासून घेतलेल्या घराच्या नफ्यातून महागाईची वजावटही मिळत नाही. शेअर गरजेपुरते विकता येतात, घरातली एक खोली विकून मुलीची फी भरता येत नाही. हे सगळे ज्याने त्याने समजून घ्यावे आणि मग पाऊल टाकावे. यात सरकारने कोणाला सांभाळून घ्यावे अशी मागणी मी करणार नाही.

पण डोंबिवलीत जे घडले ते या हिशेबात कुठेच बसत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या गेल्या, त्या परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले आणि अशा ६५ इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. तोवर हजारो कुटुंबे तिथे राहायला गेली होती. त्यांनी करारनामे नोंदवले होते, मुद्रांक शुल्क भरले होते, बँकांकडून कर्जे घेतली होती. यातली एक गोष्ट वारंवार नजरेआड होते. महारेराच्या संकेतस्थळावर दिसणारा क्रमांक खरा होता. खरेदीदाराने नियमाप्रमाणे तो तपासला असता तरी त्याला सर्व काही ठीकच दिसले असते. खऱ्या क्रमांकाच्या मागे खोटा परवाना होता आणि तो खोटा आहे हे कळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे महापालिकेच्या मूळ नोंदवहीशी ताडून पाहणे. महारेराने ते पाहिले नाही, बँकांच्या विधी सल्लागारांनी पाहिले नाही, दुय्यम निबंधकाने पाहिले नाही. तीन दारांतून कागद सहीशिक्क्यानिशी बाहेर पडला आणि शेवटी घर सोडण्याची नोटीस तेवढी चौथ्याला, म्हणजे राहणाऱ्याला मिळाली. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवरच्या ४१ इमारतींची गोष्टही याच जातीची. फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. आरक्षण विकास आराखड्यात होते, आराखडा सरकारी होता, तरीही त्या जागेवरची घरे विकली गेली.

अशा वेळी आपल्या विभागाचे उत्तर ठरलेले असते: आम्ही दस्त नोंदवतो, मालकी नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. नोंदणी अधिनियम १९०८ चा आहे आणि त्यात नोंदणी दस्ताची होते, हक्काची नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले की विकणाऱ्याचा हक्क सिद्ध झालेला नाही या कारणावरून निबंधकाला दस्त नाकारता येत नाही. पण ही तरतूद सामान्य माणसाला कोणी सांगितलेली नाही. त्याच्या समजुतीत 'रजिस्टर झाले' म्हणजे झाले. सूची क्रमांक दोनची प्रत तो देव्हाऱ्यात ठेवावी तशी कपाटात जपतो. राज्यही त्याचा हा समज दूर करत नाही, कारण त्या समजावरच नोंदणी कार्यालयातली गर्दी उभी आहे. नोंदणीत राज्याची स्वतःची जमीनसुद्धा सुरक्षित नसते, हे पुण्याच्या मुंढव्यातल्या प्रकरणाने २०२५ मध्ये दाखवून दिले. सरकारच्या नावावरच्या सुमारे ४० एकर वतनी जमिनीचे ३०० कोटींचे खरेदीखत नोंदले गेले आणि ते उघडकीला आल्यावर चौकशी, निलंबन, गुन्हे हे सारे सुरू झाले. सरकारला आपली जमीन परत मागता येते, त्याच्यापाशी महाधिवक्ता आहे, पोलीस आहेत. डोंबिवलीच्या त्या सदनिकाधारकापाशी हप्त्याची पावती आहे.

खरेदीदाराने वकील लावावा, तीस वर्षांचा शोध घ्यावा, सातबारा आणि फेरफार पाहावेत, हा सल्ला सगळे देतात आणि तो चुकीचा नाही. कोणीही तो पाळावाच. भोगवटादार वर्ग २ ची जमीन, इनाम-वतनाची जमीन, कूळकायद्याची नोंद, बहिणींच्या हक्कसोडपत्राशिवाय झालेली विक्री, यांतले पुष्कळसे दोष चांगल्या वकिलाच्या नजरेतून सुटत नाहीत. परंतु वकील पाहतो त्या प्रती असतात. ज्याने परवाना बनावट केला त्याने त्याची प्रतही तितक्याच सफाईने केलेली असते. शोध अहवाल नोंदलेल्या दस्तांपुरता असतो, महापालिकेच्या नगररचना विभागातली फाइल त्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय ज्या बँकांकडे वकिलांचे पॅनेल, मूल्यांकनकार आणि अनेक वर्षांचा अनुभव आहे, त्याच बँका डोंबिवलीत फसल्या. मग एका शिक्षिकेने किंवा बस कंडक्टरने त्यांच्यापेक्षा जास्त सावध असायला हवे होते असे म्हणण्यात काय अर्थ उरतो? डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांविषयी निर्देश देताना बँकांनाही बांधले: पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच इमारतीच्या तारणावर कर्ज द्यावे. पडताळणी संस्थेने करायची असते, हे न्यायालयाने मान्य केल्याचाच हा अर्थ आहे.

मग दुय्यम निबंधकाने करायचे काय? त्याला न्यायाधीश बनवा असे मी म्हणत नाही. न्यायालयाने घातलेली मर्यादा तशीच राहू द्यावी. त्याने दस्त नाकारू नये, पण सही होण्यापूर्वी खरेदीदारासमोर राज्याला जे ठाऊक आहे ते सगळे एका पानावर ठेवावे. या सर्व्हे क्रमांकाच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आज नाव कोणाचे, भोगवटा कोणत्या वर्गाचा, इतर हक्कांत बोजा काय, विकास आराखड्यात आरक्षण आहे का, नियोजन प्राधिकरणाच्या नोंदवहीत या क्रमांकाचे प्रारंभ प्रमाणपत्र आहे का, असल्यास किती मजल्यांचे, महारेरातली नोंदणी चालू आहे की मुदत संपली आहे, आणि या बिल्डरवर वसुलीचे किती आदेश थकले आहेत. हे पान वाचून आणि त्यावर सही करून माणूस पुढे गेला, तर तो त्याचा निर्णय. ही माहिती गोळा करायला नवे खाते काढावे लागणार नाही. नोंदणीची आय-सरिता आणि फेरफाराची ई-फेरफार या दोन्ही प्रणाली आपल्याच अखत्यारीत आहेत आणि त्या एकमेकींशी जोडलेल्याही आहेत. दस्त नोंदला की त्याची माहिती तलाठ्याकडे फेरफारासाठी जाते. माहिती जर नोंदणीनंतर एका बाजूला वाहू शकते, तर नोंदणीच्या आधी दुसऱ्या बाजूनेही वाहू शकते. प्रारंभ प्रमाणपत्र संबंधित महापालिकेकडून पडताळून घेण्याची व्यवस्था डोंबिवलीनंतर महारेराने सुरू केली, ती स्वागतार्ह आहे. मात्र महारेराच्या कक्षेबाहेर बरेच काही उरते. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीच लागत नाही. तालुक्याच्या गावातली बहुतेक नवी बांधकामे याच मापाची असतात. तिथे खरेदीदार आणि फसवणूक यांच्यामध्ये एकच सरकारी टेबल उभे असते, आणि ते आपल्या विभागाचे आहे.

येथे कोणी विचारेल की राहण्यासाठी घर घेणाऱ्याची कणव ठीक आहे, गुंतवणूकदारासाठी एवढा कळवळा कशाला? प्रश्न योग्य आहे आणि त्याला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये एका अर्थी उत्तर दिले आहे. ठरावीक परताव्याची हमी किंवा पुनर्खरेदीचा करार घेऊन ज्यांनी पैसे लावले, ज्यांना घराचा ताबा मुळात नकोच होता, अशा सट्टेबाजांना दिवाळखोरी कायद्याखाली बिल्डरची कंपनी खेचता येणार नाही, असा तो निकाल. मला तो पटतो. दरमहा एक टक्का मिळेल अशा वचनावर पैसे देणारा सावकारी करत असतो, आणि सावकारीत मुद्दल बुडू शकते. परंतु कागदाची जोखीम घरात राहणारा आणि घरात पैसे गुंतवणारा या दोघांत भेद करत नाही. रेरा कायद्याच्या 'वाटपग्राही' या व्याख्येतही राहणारा आणि गुंतवणारा असा फरक केलेला नाही, आणि ते शहाणपणाचे आहे. भाड्याच्या उत्पन्नावर म्हातारपण काढण्यासाठी घेतलेली दुसरी सदनिका सट्टा ठरत नाही. ज्यांना सरकारी निवृत्तिवेतन नाही अशा लाखो लोकांची ती पेन्शन आहे. खोट्या परवान्याला बळी पडलेला माणूस त्या घरात राहणार होता की भाडेकरू ठेवणार होता, यावरून परवान्याचा खोटेपणा कमी-जास्त होत नाही.

आता वसुलीकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग हा आहे. रेरा कायदा कागदावर भक्कम आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा लांबला तर स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदरावर दोन टक्के अधिक या दराने व्याज द्यावे लागते. खरेदीदारांच्या पैशातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. (त्या खात्यातून पैसे काढताना अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापालाचे दाखले लागतात, आणि या तिघांचे मानधन बिल्डरच देतो. ही फट बुजवण्यासाठी जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पाला तीन खाती सक्तीची केली.) हे सगळे असूनही आदेश निघाल्यावर काय होते? २०२५ च्या सुरुवातीपर्यंत महारेराने जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवलेल्या वसुली आदेशांची रक्कम ७०० कोटींच्या वर गेली होती आणि प्रत्यक्ष वसुली २०० कोटींच्या आसपास होती. खटला जिंकलेल्या माणसाच्या हाती रुपयातले तीस पैसेही नीट पडलेले नाहीत. जो हरला त्याचे समजू शकते. जो जिंकला त्याने आणखी कोणत्या दारात जावे?

तहसीलदार यावर सांगतात की कंपनीच्या खात्यात काही नसते, मालमत्ता आधीच बँकेकडे गहाण असते, आणि त्यांच्यामागे निवडणुका, पंचनामे, दुष्काळ-अतिवृष्टीची कामे असतात. यात तथ्य आहे. पण महसूल थकला तर मागणीची नोटीस, जंगम मालमत्तेची जप्ती, स्थावर मालमत्तेचा लिलाव असे सगळे अधिकार जमीन महसूल अधिनियम १९६६ ने त्याच तहसीलदाराला दिले आहेत, आणि गौण खनिजाच्या दंडासाठी ते वापरले जातात. बिल्डरच्या खात्यात पैसे नसले तरी त्या किंवा शेजारच्या प्रकल्पात न विकलेल्या सदनिका असतात. त्यांची यादी महारेराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला अद्ययावत व्हायची असते. आदेश मिळाल्याच्या दिवशीच त्या सदनिकांवर बोजा चढवला, तर त्यांचा दस्त आपल्याच निबंधकासमोर येईल आणि तिथे थकबाकी दिसेल. आज घडते ते उलटे. एका टेबलावर या बिल्डरविरुद्धचा वसुली आदेश धूळ खात पडलेला असतो आणि त्याच विभागाच्या दुसऱ्या टेबलावर त्याच्या नव्या सदनिकेचा करारनामा नोंदला जातो. आम्रपाली या बिल्डर समूहाच्या ४२ हजारांहून अधिक खरेदीदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये निकाल देऊन अपुरी घरे सरकारी कंपनीकडे बांधायला दिली, तेव्हा पैसा कधीच दुसरीकडे वळवला गेला होता. उशीर हाच पैसा वळवणाऱ्याचा मोठा आधार असतो.

आणि घर मिळाले नाही, तर राज्याने घेतलेले शुल्क तरी परत मिळावे की नाही? पुण्यात ८० लाखांच्या सदनिकेवर सात टक्के दराने ५ लाख ६० हजार रुपये मुद्रांक शुल्क होते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे ते परत हवे असेल, तर करारनाम्यापासून पाच वर्षांच्या आत आणि ताबा घेण्यापूर्वी नोंदणीकृत रद्दलेख करावा लागतो, आणि तो नोंदल्यापासून सहा महिन्यांत अर्ज. अर्जाचा हा कालावधी पूर्वी दोन वर्षांचा होता, तो एप्रिल २०१५ च्या दुरुस्तीने कमी केला गेला. रखडलेले प्रकल्प सात-आठ वर्षे रखडतात. खरेदीदार घर मिळेल या आशेवर थांबतो, मग महारेराकडे जातो, आदेश येतो तोवर पाच वर्षे उलटून गेलेली असतात. राज्याची मुदत चुकवण्यात त्याची चूक कोणती? ताबा लांबल्याने रद्द झालेल्या एका करारनाम्याचे २७ लाखांहून अधिक शुल्क आपल्या विभागाने अर्जाच्या सहा महिन्यांच्या मुदतीवर बोट ठेवून नाकारले होते. रद्दलेखावर सह्या २०१५ च्या त्या दुरुस्तीच्या आधी झाल्या होत्या आणि नोंदणी दुरुस्तीनंतर अवघ्या चार दिवसांनी. ते पैसे परत देण्याचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून आणावा लागला. दहा वर्षे गेली. प्रत्येक जण दिल्लीपर्यंत जाऊ शकत नाही.

मुद्रांक शुल्क हा कर आहे, विम्याचा हप्ता नाही, असे अर्थ विभाग म्हणेल. मान्य. पण कर व्यवहारावर असतो, आणि जो व्यवहार बिल्डरच्या कसुरीने पूर्णच झाला नाही त्यावरचा कर राज्याने ठेवून घेण्याला आधार राहत नाही. वर्षाला ५० हजार कोटींहून अधिक रक्कम या विभागातून तिजोरीत जाते. रखडलेल्या घरांचे शुल्क परत केल्याने ती ओस पडणार नाही. आणि विम्याचेच म्हणाल, तर रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये जमिनीच्या हक्काचा विमा बिल्डरने उतरवण्याची तरतूद २०१६ पासून आहे. ती सक्तीची करायला राज्याची अधिसूचना लागते. ते खाते आपले नसेल, पण ज्या मंत्रिमंडळाने ती काढायची त्यात आपण बसता.

कलम ४८ मधली पाच वर्षांची मुदत करारनाम्याच्या तारखेऐवजी महारेराच्या आदेशापासून मोजावी, यासाठी येत्या अधिवेशनात एका ओळीची दुरुस्ती पुरेशी आहे. वसुली आदेश मिळाल्याच्या दिवशी त्याचा बोजा नोंदवण्याला तर कायदाही बदलावा लागणार नाही, परिपत्रक चालेल. आणि एक विनंती याहूनही सोपी आहे. कोणत्या जिल्ह्याने किती मुद्रांक शुल्क जमा केले याचे आकडे आपला विभाग नियमाने काढतो. त्याच तक्त्यात शेजारी एक रकाना वाढवावा: त्या जिल्ह्यात महारेराचे किती वसुली आदेश आले, किती रुपयांचे, त्यांतले किती दिवस जुने, आणि किती रक्कम माणसांच्या हातात पोहोचली. पहिला तक्ता पुणे, ठाणे आणि मुंबई उपनगर या तीन जिल्ह्यांचा निघाला तरी चालेल.

कळावे,
आपला,
महाराष्ट्राचा एक करदाता